वारा पडल्यानंतरचा पाऊस

26 सप्टेंबर 2021च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात, कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 75 ते 85 किलोमीटर. चक्रीवादळांच्या हिशेबात हे लहानखुरंच. वाकलेले माड, उडालेले पत्रे वाहिन्यांवर दाखवून झाले आणि दुसऱ्या दिवशी वादळ विरलं, धोका टळला, असं म्हणून सगळे मोकळे झाले. त्यानंतर दीड दिवसाच्या आत, किनाऱ्यापासून सुमारे साडेआठशे किलोमीटर पश्चिमेला, बीड जिल्ह्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाचे सगळे अठरा दरवाजे उघडावे लागले.

माझा विषय पूर-हवामान. आकाशातून किती पडेल आणि त्यातलं नदीत किती उतरेल, या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत मी काम करतो. तिथून पाहिलं की वादळाच्या बातमीचा शेवट नेहमी चुकीच्या जागी होतो असं वाटतं.

त्याचं एक कारण आपल्या मोजपट्टीत आहे. बंगालच्या उपसागरातल्या प्रणालीला डिप्रेशन म्हणायचं, डीप डिप्रेशन म्हणायचं की चक्रीवादळ, हे फक्त वाऱ्यावरून ठरतं. ताशी 31 ते 49 किलोमीटर वारा असेल तर डिप्रेशन, 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन आणि 62च्या पुढे चक्रीवादळ. नावही तेव्हाच मिळतं. पावसाला या पट्टीत जागाच नाही. समुद्रावरच्या खलाशासाठी आणि किनाऱ्यावरच्या घरांसाठी ती उत्तम आहे. पण जमिनीवर आल्यावर वारा घर्षणाने झपाट्याने पडतो आणि प्रणाली एकेक पायरी खाली उतरते. ‘गुलाब’ 27 तारखेला आधी डीप डिप्रेशन झालं, मग डिप्रेशन, आणि 28ला नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं. बातमीपत्रातले शब्द सौम्य होत गेले आणि नेमक्या त्याच तासांत मराठवाड्यात पाऊस वाढत गेला.

असं का होतं? जमिनीलगतचा वारा मंदावला तरी दीड-दोन किलोमीटरच्या वर फिरणारी हवा लगेच थांबत नाही. ती भोवतालची दमट हवा आत ओढत राहते, वर उचलत राहते. सप्टेंबरअखेर आपल्याकडे बाष्पाला तोटा नसतो. बंगालचं बाष्प प्रणालीसोबत आलेलं असतंच. ती दख्खनच्या मध्यावर पोचली की अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारेही तिच्याकडे वळतात. दोन समुद्र एकाच ढगाला पाणी पुरवू लागतात. त्यात चार महिने भिजलेली जमीन असते. उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या रानावर अशी प्रणाली लवकर मरते. चिखलावरून जाताना तिला खालूनही ओल मिळत राहते. शिवाय हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हा भौतिकशास्त्राचा जुना नियम आता जास्त जाणवू लागला आहे.

नकाशा पाहणाऱ्याची हमखास फसगत होते ती केंद्राच्या खुणेमुळे. खूण विदर्भावर दिसली की लातूरकर निर्धास्त होतो. पण आपल्याकडच्या, पश्चिमेला सरकणाऱ्या मोसमी प्रणालींचा सर्वांत जोरदार पाऊस बहुतेक वेळा केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र विदर्भावर असेल तर नैऋत्येला मराठवाडा येतो. शिवाय विरत चाललेल्या प्रणालीला रेखीव केंद्र नसतंच. तो रुंद, विस्कटलेला पसारा असतो. अशा पसाऱ्यात एका महसूल मंडळात 40 मिलिमीटर आणि शेजारच्यात 150 पडणं अगदी साधी गोष्ट आहे. एका मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पडले की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. तलाठी पंचनाम्याला निघतात तो हा आकडा. पण पंचनामा पाऊस पडून गेल्यावरचा असतो.

27-28च्या त्या रात्री बीड, लातूर, उस्मानाबादेत काय झालं ते मराठवाड्याला सांगायला नको. मांजरा आणि तेरणा काठच्या गावांना पाण्याने वेढलं, माणसं हेलिकॉप्टरने आणि बोटींनी काढावी लागली. शेजारच्या विदर्भात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून एसटी वाहून गेली, त्यात जीव गेले. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, काढून रचलेल्या गंजी वाहून गेल्या, आणि नदीकाठची जमीन खरवडून गेली. सोयाबीन पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं, खरवडलेली माती परत येत नाही. भरपाईच्या याद्यांत हा फरक नीट उमटत नाही, असं माझं मत आहे.

हे अवशेष मग गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, पुन्हा वाऱ्याच्या पट्टीवर चढले आणि ‘शाहीन’ नावाचं नवं चक्रीवादळ झालं. 3 ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळलं. मधल्या दिवसांत, जेव्हा त्याला नावच नव्हतं, तेव्हा ते मराठवाड्यात होतं.

त्याच्या आदल्या वर्षी तर नाव कधी पडलंच नाही. 13 ऑक्टोबर 2020ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली प्रणाली डीप डिप्रेशनच्या पुढे गेली नव्हती. तिने हैदराबाद बुडवलं. शहराबाहेरच्या घटकेसरला 32 सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी ती सोलापूरवर होती. पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून सहा माणसं गेली आणि मागोमाग भीमेला पूर आला. लोकांच्या लेखी तो परतीचा पाऊस. ते कॅलेंडरपुरतं ठीक, पण ढग आले होते उपसागरातून.

पाश्चात्त्य देशांतही वेगळं घडत नाही. 26 सप्टेंबरलाच, 2024 साली, ‘हेलेन’ चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं आणि शंभरावर माणसं मेली ती शेकडो किलोमीटर आत, उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरांत.

आपल्या पठाराची मात्र एक स्वतंत्र भानगड आहे. या प्रणाली पूर्वेकडून पश्चिमेला जातात आणि नद्या पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. म्हणजे पाऊस आधी नदीच्या खालच्या अंगाला पडतो, मग वरच्या. याने पुराचं शिखर थोडं बुटकं होतं हे खरं. उलट दिशेने आला असता तर पाणी आणि पाऊस हातात हात घालून खाली उतरले असते. पण खालचे ओढे-नाले आधीच तुडुंब झालेले असतात आणि वरून धरणाचा विसर्ग मागाहून येतो. पाऊस थांबला, ऊन पडलं, माणसं पूल ओलांडायला निघाली, की तेव्हा पाणी चढतं.

आता धरणाचं गणित. हजार चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर तो दहा कोटी घनमीटर होतो, म्हणजे साडेतीन टीएमसी. जूनमध्ये यातलं बरंचसं जमीन पिऊन टाकते. सप्टेंबरअखेर बरंचसं धरणात येतं. मांजराचा उपयुक्त साठा साधारण 177 दशलक्ष घनमीटर आहे. त्यातच धरण आधीच भरलेलं. आणि ते भरलेलं असणं हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हे. 2016 साली याच धरणाचा तळ दिसला होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या अभियंत्याने ते वर्ष पाहिलं आहे, त्याला 26 सप्टेंबरला आकाश मोकळं असताना दरवाजे उघडा म्हणून कोण सांगणार? दहा टक्के साठा सोडायचा म्हणजे पावणेदोन कोटी घनमीटर, लातूरसारख्या शहराचं कित्येक महिन्यांचं पिणं. पाऊस हुकला तर जाब त्यालाच विचारणार.

तरीही मला हा सौदा करण्याजोगा वाटतो. 10,000 क्युसेकने सोडलं तर ते दहा टक्के सुमारे साडेसतरा तासांत रिकामे होतात, आणि त्या रात्री सोडावा लागलेला विसर्ग याच्या अनेक पटींनी होता. वादळ किनाऱ्यावर चढल्यापासून मराठवाड्यात पाऊस धरेपर्यंत त्याहून जास्त वेळ हातात असतो. फक्त अंदाज अभियंत्याला उपयोगी पडेल अशा भाषेत हवा. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्यावर कुणी दरवाजा उचलत नाही. धनेगावच्या वरच्या पाणलोटात येत्या 36 तासांत इतके दशलक्ष घनमीटर येवा येण्याची शक्यता दहात सात, असं लिहून दिलं तर उचलेल. आणि पाऊस हुकलाच, तर दाखवायला त्याच्या हातात तो कागद असेल.