अनुस्वाराचा ठिपका

तंजावरहून उत्तरेकडे निघाले की वडवार, वेण्णार, वेट्टार आणि कुडमुरुट्टी या नद्या एकामागून एक ओलांडीत माणूस पाचवीच्या, कावेरीच्या काठी येतो. पाच नद्यांनी ज्याला नाव दिले ते हे तिरुवैयारु. त्यागराजांची समाधी येथेच आहे. पुष्य वद्य पंचमीला शेकडो कंठांतून त्यांच्या कृती उमटतात. त्या बहुतेक तेलुगू आहेत आणि गाणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातातील वहीत त्या तमिळ अक्षरांत उतरवलेल्या असतात. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर. भेद ज्याने त्याने कानांनी सांभाळायचा. भाषा कानात राहते आणि लिपी मागे सुटते, ही गोष्ट या गावाला परकी नाही.

भोसल्यांच्या राज्याबरोबर कावेरीकाठी आलेल्या घराण्यांपैकी एका घरातला तो माणूस. घरात मराठी बोलली जाई, पण ती त्याला वाचता येत नसे. शाळा तमिळमधून आणि इंग्रजीतून झाली होती. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बोधचिन्हे यांची कामे तो संगणकावर करून देई. घरच्या रामनवमीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी बोधचिन्ह करायचे ठरले, तेव्हा त्याने पणजोबांची हस्तलिखित पोथी काढली. तिच्या पहिल्या पानावरचे ‘श्रीरामचंद्र’ हे बाळबोध शीर्षक त्याला हवे होते. दुसऱ्या कोणत्याही वळणाचे नव्हे, तर त्याच बोरूचे.

पानाचे छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी. ते मोठे केले की कडा दातेरी होतात. त्यामुळे छपाईसाठी अक्षराची बाह्यरेषा बिंदूंनी आणि वक्ररेषांनी नव्याने आखावी लागते. मोटारींच्या पत्र्याचे बाक मोजण्यासाठी सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 च्या सुमारास आणि पुढे रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ज्या वक्ररेषांचे गणित मांडले, त्याच रेषांनी आज अक्षरे बांधली जातात. अशी आकृती टपालतिकिटाएवढी करा की मंदिराच्या कमानीएवढी, तिची धार तीच राहते.

हे रेखाटन संगणक स्वतःच करू शकतो. मात्र कागदाचा प्रत्येक डाग आणि शाईची प्रत्येक पसर त्याला अक्षरच वाटते. म्हणून अमुक आकाराहून लहान ठिपके गाळावेत अशी सूचना द्यावी लागते. त्याने ती दिली. मग एकेका अक्षरावरचे शेकडो बिंदू कमी करून मोजके ठेवले. एक-चतुर्थांश पॉइंटहून, म्हणजे सुमारे 0.09 मिलिमीटरहून, बारीक रेषा कागदावर तुटते, म्हणून शेपटे किंचित जाड केले. पडद्यावरचा झळझळीत केशरी छपाईच्या चार शायांतून मळकट उतरतो, म्हणून त्या रंगासाठी वेगळी मिसळलेली शाई आणि वेगळी प्लेट योजली. पार्श्वरंग कापण्याच्या रेषेबाहेर 3 मिलिमीटर वाढवला. पत्रिकेतील तमिळ मजकूरही बाह्यरेषांत बदलून टाकला, कारण छापखान्याच्या संगणकावर तो टंक नसेल तर अक्षरे विस्कटतात. व्यवसायाच्या नियमांत कोठे उणीव राहिली नाही.

नमुना छापून आला. घरातील सर्वांनी तो हातोहात पाहिला आणि वाखाणला. शेवटी तो आत्याकडे गेला. पोथी वाचण्यापुरते बाळबोध लहानपणी शिकलेली त्या घरात ती एकटीच उरली होती. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि विचारले, “चंद्रावरचा ठिपका कुठे गेला रे?”

डाग म्हणून गाळला गेलेला तो अनुस्वार होता.

त्याला खटकले ते चुकीपेक्षा ती न दिसण्याचे. बाह्यरेषेत बदललेले अक्षर यंत्राच्या लेखी अक्षर राहत नाही. ती आकृती होते. तिला शब्द ठाऊक नसतो, म्हणून शब्दातील उणीवही ठाऊक नसते. ती उणीव पाहणारा डोळा बाहेरच असावा लागतो. बृहदीश्वराच्या देवळात 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला. 1805 मध्ये सरफोजी राजांनी तंजावरात देवनागरी छापखाना उभारला आणि 1806 मध्ये त्यातून इसापाच्या गोष्टींचे सख्खण पंडितांचे भाषांतर ‘बालबोधमुक्तावलि’ बाहेर पडले. दगडात चूक दुरुस्त होणे कठीण. छापखान्यात खिळा बदलता येई. संगणकावर तर ते क्षणाचे काम. पण तिन्ही ठिकाणी आधी कोणीतरी वाचावे लागते. लहान डाग गाळण्याची सूचना त्याने यंत्राला दिली होती, आणि कोणता ठिपका डाग व कोणता अक्षर हे यंत्राइतकेच त्यालाही ठाऊक नव्हते. त्या भिंतीवरचा लेखही त्याने लहानपणापासून असाच पाहिला होता: सुंदर रेघा म्हणून.

त्याने ठिपका परत बसवला. छपाईत हरवू नये म्हणून पोथीतल्याहून थोडा मोठा केला. छापखान्यासाठी बाह्यरेषांची एक प्रत केली आणि तोच शब्द टंकात लिहिलेली दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवली. ती टंकताना प्रत्येक कळ कोणती, हे आत्याला विचारावे लागले. ‘श्री’पासून ‘द्र’पर्यंत यायला त्या दोघांना एक संध्याकाळ पुरली नाही, कावेरीवरून दिवेलागणीचा वारा आला, तेव्हा ती ‘म’वर बोट ठेवून थांबली होती. उरलेले उद्या, असे म्हणून तिने पोथी फडक्यात बांधली.