चार हजारांचे गुपित

जुन्या वस्तू घेण्यात मी स्वतःला मोठा तज्ज्ञ समजत असे. अकरावीपासून माझे एकही क्रमिक पुस्तक कोरे नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तक हातात घ्यायचे, पाने सुटली नाहीत ना ते पाहायचे, आधीच्या मालकाने समासात केलेल्या टिपणांचे अक्षर लागते का याचा अंदाज घ्यायचा आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर उगाच हसायचे, ही विद्या मला चांगली अवगत आहे. त्यामुळे मला कोणी फसवलेच, तर ते निदान जुन्या मालात फसवणार नाही, असा माझा ठाम समज होता. गेल्या वर्षी हा समज मला ४,००० रुपयांना पडला.

झाले असे. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी आईचा मिक्सर जळाला. काही दिवस तिने माळ्यावरचा पाटा-वरवंटा काढून भागवले. मग भिशी लागली तेव्हा ५,००० रुपये माझ्या खात्यावर टाकले आणि फोन केला, "तुला त्यातलं कळतं. ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणे. चांगला बघून धाड."

त्याच संध्याकाळी मोबाइलवरच्या एका खरेदी-विक्रीच्या गटात मी जाहिरात वाचली. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचे ५,००० रुपयांचे गिफ्ट कार्ड, वाढदिवसाला मिळालेले, ४,००० ला देणे आहे. माझे गणित तत्काळ झाले. कार्डावर मिक्सर येईल आणि उरलेले हजार माझे. आईला हे सांगण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता, हे इथे लिहून टाकतो, कारण "तुझी अक्कल कुठे गेली होती?" असे नंतर ज्याने त्याने मला विचारले, आणि खरे उत्तर एवढेच, की ती त्या हजार रुपयांच्या मागे गेली होती.

तसा मी गाफील नव्हतो. पुरावा मागितला. त्याने खरेदीची पावती पाठवली, व्हिडिओ कॉल करून दुकानाच्या पानावर कार्डाची शिल्लकही दाखवली. पुरते ५,००० रुपये! मुलगा बोलायला गोड. "दादा, घाई करा, अजून तिघं विचारताहेत." मी यूपीआयने पैसे पाठवले, मिनिटभरात कार्डाचा कोड आला, तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला आणि निश्चिंत झोपलो. मिक्सरचा सेल रविवारी सुरू होणार होता. रविवारी कोड टाकला, तर उत्तर आले : हे कार्ड आधीच वापरलेले आहे.

मित्रहो, जुने पुस्तक आणि जुने कार्ड यांतला फरक मला त्या क्षणी कळला. पुस्तक माझ्या हातात आले, की ते दुकानदाराच्या हातात उरत नाही. कार्ड म्हणजे मुळी वस्तूच नाही. ते एक गुपित आहे. गुपित विकले तरी विकणाऱ्याजवळ ते जसेच्या तसे राहते. त्याने दाखवलेली शिल्लक खरी होती. पण तोच कोड त्याने उरलेल्या तिघांनाही दिला असेल, किंवा मी झोपल्यावर स्वतःच आपल्या खात्यात भरला असेल. जो आधी भरील त्याचे पैसे. पावती आणि शिल्लक तपासून मी फक्त गुपित खरे असल्याची खात्री केली. ते आणखी कोणाला ठाऊक आहे, हे तपासायला जगात काही साधन नाही.

गंमत म्हणजे हा धडा आम्हाला अर्थशास्त्रात होता. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मालाची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजाराचे काय होते, हा त्याचा विषय. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मला त्या प्रश्नाला दहापैकी आठ गुण मिळाले होते.

मग मी चौकशीला लागलो. कोड लगेच आपल्या खात्यात भरला तरी जीव भांड्यात पडत नाही, असे समजले. चोरलेल्या बँक कार्डावर गिफ्ट कार्ड घेतलेले असेल, तर खऱ्या मालकाने तक्रार केल्यावर शिल्लक रद्द होऊ शकते. हातात मिळणाऱ्या कार्डांवरची खरवडायची पट्टी आधीच खरवडून, आकडा टिपून, वर नवी पट्टी चिकटवतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमावलीत भेट म्हणून द्यायच्या प्रीपेड कार्डाला १०,००० रुपयांची मर्यादा आहे (एखादे दुकान फक्त स्वतःपुरते कार्ड काढते, त्याची गोष्ट वेगळी); तेव्हा असे कार्ड कोणी २५,००० चे म्हणून दाखवू लागला, तर तिथेच थांबावे. दुकानाने मला सभ्य भाषेत कळवले, की परक्याकडून घेतलेल्या कार्डाची जबाबदारी आमची नाही. त्यांच्या अटींत ते लिहिलेलेच होते.

घ्यायचेच असेल, तर ओळखीच्या माणसाकडून घ्यावे. नाहीतर खऱ्याखुऱ्या दुकानाचे कार्ड घ्यावे, विकणाऱ्यासह त्या दुकानात जावे, शिल्लक काउंटरवर तपासून घ्यावी, तिथेच खरेदी करावी आणि बिल हातात आल्यावर त्याचे पैसे द्यावेत. याला जो तयार होत नाही, त्याचे कारण ऐकत बसू नये.

इकडे त्या गोड मुलाने कहर केला. मी भांडल्यावर तो म्हणाला, "चूक झाली दादा, पैसे परत करतो," आणि एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकायचा होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँकेचे वाक्य मला ऐन वेळी आठवले, म्हणून उरलेले हजार वाचले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी तीन दिवसांनी फोन केला. लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे तोवर काढले गेले होते. उशीर का केला? लाज वाटली म्हणून.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. कोड अजून माझ्या वहीत होता, शिल्लकेचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये होता. खोलीतला मित्र म्हणाला, "तूही विकून टाक. मला कुठे ठाऊक होतं, म्हणायचं." एके रात्री मी दुसऱ्या एका गटात जाहिरात टाकली. किंमत ३,८००. दहा मिनिटांत एका मुलीचा निरोप आला, "खरं आहे ना हो? मला यातलं फारसं कळत नाही." मी उत्तर टाइप केले, "खरं आहे. घाई करा, अजून दोघं विचारताहेत." दुसरे कोणीही विचारत नव्हते. ते वाक्य पडद्यावर मी बराच वेळ पाहत राहिलो. मग ते पुसले, जाहिरात काढली आणि वहीचे पान फाडले.

आईला मात्र फोनवर "मिक्सर निघालाय" असे सांगत होतो. तो दिवाळीपर्यंत निघालेलाच होता. 'कमवा व शिका'त ग्रंथालयातली पुस्तके लावून मी पैसे जमवले आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी मिक्सर घरी पोचला. "काही वाचले का रे त्यातले?" आईने विचारले. "नाही," मी म्हणालो.

आमचा वार्षिक अंक आई मुखपृष्ठापासून वाचते. यंदाचा तिला मी स्वतः नेऊन देणार आहे.