माळ्यावरची बाळंतीण

रॅकून हा प्राणी आपल्याकडे नाही, त्यामुळे त्याला मराठीत नावही नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी तो कार्टूनमध्येच पाहिलेला असतो. मांजरापेक्षा चांगलाच मोठा, शेपटीवर गडद पट्टे, आणि डोळ्यांभोवती काळा मुखवटा. म्हणजे हा पुढे काय धंदा करणार हे ब्रह्मदेवाने आधीच ठरवून टाकलेलं. त्याचं इंग्रजी नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पोव्हाटन भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ साधारण 'हातांनी खरवडणारा' असा होतो. नाव ठेवणाऱ्याने प्राणी नीट पाहिला होता, हे मी पाच आठवड्यांच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

२०२३ च्या मे-जूनमध्ये मी टोरांटोला मामाकडे होतो. परत आल्यावर होस्टेलवर जो तो विचारतो, "नायगारा पाहिलास का? सीएन टॉवर?" पाहिला बाबा, दोन्ही पाहिलं, फोटो आहेत. पण सांगण्यासारखं जे काही घडलं ते मामाच्या छपरात घडलं.

मामाचं घर एटोबिकोला. (स्पेलिंगच्या शेवटी 'के' आणि 'ई' आहे, पण उच्चार करायचा नाही. केला की लोक ओळखतात, नवीन दिसतोय.) हे पूर्वी स्वतंत्र उपनगर होतं, १९९८ साली टोरांटो शहरात विलीन झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भराभर छोटी घरं बांधली गेली. मामाचं घर १९५१ चं. खालचा मजला विटांचा, वर अर्धा मजला. अर्धा म्हणजे उतरत्या छपराच्या पोटातच काढलेली एक खोली, जिच्या दोन्ही बाजूंना छप्पर इतकं खाली येतं की तिथे माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून तिथे कमरेएवढी भिंत घालून मागची तिकोनी जागा बंद करतात. त्या बंद जागेत थंडीसाठी कापसासारखं इन्सुलेशन भरलेलं असतं. ऊबदार, कोरडी, अंधारी जागा आणि माणसाचा वावर नाही. बाळंतपणाला याहून चांगली खोली कुठे मिळणार?

आजी त्या वेळी तिथेच होती, आणि तिची कॉट नेमकी त्या कमरेएवढ्या भिंतीला लागून.

पहिले दोन दिवस मामाने "खार असेल" म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या रात्री मीही वर झोपलो. साडेनऊच्या सुमारास भिंतीमागे काहीतरी जड वस्तू चालत गेल्यासारखा आवाज झाला. खार असा आवाज करत नाही. मोठा रॅकून आठ-दहा किलोचा सहज असतो. तो पावलं टाकत कोपऱ्याकडे गेला, पत्रा खडखडला आणि सगळं शांत झालं. थोड्या वेळाने भिंतीमागून बारीक आवाज सुरू झाला, पक्ष्याची पिल्लं किलबिलतात ना तसा, पण थोडा रडका.

आजी अंधारात म्हणाली, "बाळंतीण आहे रे. आई खायला गेलीय, आणि पोरं भुकेजलीत."

आजीचं माहेर कोकणातलं. तिथे माळ्यावर उदमांजर यायचं, कौलं सरकवून व्यायचंसुद्धा. तेव्हा हा आवाज तिला नवा नव्हता. मला मात्र भिंतीच्या पलीकडे, उशीपासून जेमतेम फूटभर अंतरावर, कुणाचं तरी कुटुंब राहतंय या कल्पनेने झोप लागली नाही.

सकाळी शिडी लावून मी आणि मामा बाहेरून बघायला चढलो. सिव्हिलवाल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर सांगतो. अशा घरांना पुढे-मागे कधीतरी खोल्या वाढवलेल्या असतात. खालच्या खोलीचं छप्पर वरच्या छपराच्या वळचणीला जिथे जाऊन भिडतं, तो कोपरा म्हणजे मर्मस्थान. छपराच्या वाढलेल्या कडेला खालून जो तक्ता मारलेला असतो त्याला तिकडे सॉफिट म्हणतात. जुन्या घरांत तो लाकडी असतो आणि वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवून मेकअप केलेला असतो. पन्हळीत पानं साचतात, हिवाळ्यात बर्फ तुंबतो, पाणी उलटं आत शिरतं आणि लाकूड पत्र्याच्या आत गुपचूप कुजतं. बाहेरून पाहाल तर घर चकाचक! रॅकूनला खालच्या छपरावर आरामात उभं राहून डोक्यावरचा सॉफिट नुसता वर ढकलायचा असतो. चार इंचांची फट त्याला पुरते. आमच्याकडे सहा इंचांची होती आणि तिच्या कडेला राखाडी केस अडकलेले होते.

ही फट वापरात आहे का हे कळण्यासाठी तिच्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवतात. तो जागचा हलला नाही तर घर रिकामं. आमचा बोळा दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पडलेला होता.

मामाचा बेत साधा होता. पिंजरा लावायचा, बाईसाहेबांना गाडीत घालायचं आणि लांब कुठेतरी जंगलात सोडून यायचं. आपण उंदराचं करतो तसंच. पण ओंटारिओत १९९७ चा वन्यजीव कायदा आहे आणि त्यानुसार पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. ऐकायला विनोदी वाटतं, पण त्यामागे विचार आहे. अनोळखी मुलखात सोडलेल्या प्राण्याला ना खाणं माहीत असतं ना लपायची जागा, त्यामुळे तो बहुतेक वेळा मरतो. शिवाय त्याच्याबरोबर रोगही प्रवास करतो. डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला, म्हणजे टोरांटोपासून तासाभराच्या अंतरावर, रॅकूनांमधला रेबीज पुन्हा सापडला होता आणि सरकारने लस भरलेली आमिषं विमानातूनसुद्धा टाकली होती.

टोरांटोचं आणि या प्राण्याचं नातं मात्र विचित्र आहे. जुलै २०१५ मध्ये यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक रॅकून मरून पडला. पालिकेची माणसं यायला उशीर झाला, तोवर लोकांनी त्याचं नाव कॉनरॅड ठेवून शेजारी फुलं, मेणबत्त्या आणि फ्रेम केलेला फोटो ठेवला. त्याच पालिकेने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवे डबे वाटले, फिरवायच्या मुठीचं कुलूप असलेले. खर्च तीन कोटी दहा लाख डॉलर! २०१८ मध्ये टोरांटो स्टारच्या एका वार्ताहर बाईंनी आपल्या घरामागे कॅमेरा लावला, तर एक रॅकून डबा आडवा पाडून मूठ फिरवताना दिसला. यात आश्चर्य नाही म्हणा. अमेरिकेत डेव्हिस नावाच्या संशोधकाने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रॅकूनांनी तेरा प्रकारच्या कड्या-कुलपांपैकी अकरा उघडली होती. त्यांच्या मेंदूतला स्पर्शज्ञानाचा मोठा हिस्सा नुसत्या पुढच्या पंजांसाठी राखीव आहे. म्हणजे आपण डोळ्यांनी बघतो, ते हातांनी बघतात. (आमच्या विंगमध्येही दुसऱ्याचं कपाट अंधारात नुसत्या हाताने उघडणारे दोघे आहेत. नावं सांगत नाही.)

तर कायद्यामुळे पिंजऱ्याचा बेत बारगळला आणि मामाने माणूस बोलावला. तो आला, शिडीवर चढला, पाच मिनिटांत उतरला आणि म्हणाला, आज रात्री ती बाहेर गेली की उद्या पहाटेच्या आत फट पत्र्याने बंद करतो, प्रश्न मिटला. पैसेही कमी सांगत होता. मामीने विचारलं, "आणि पिल्लं?" त्याने खांदे उडवले. असतीलच असं नाही म्हणाला.

त्या रात्री जेवताना घरात जे झालं ते मी विसरणार नाही. मामाचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. घराचे हप्ते चालू, आत विजेच्या वायरी, इन्सुलेशनचा चिवडा झालेला. त्यातून रॅकून एकाच जागी शी करतो आणि त्यात एका जंताची अंडी असू शकतात, जी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचतात. आणि हे सगळं सत्तरी ओलांडलेल्या आईच्या उशाशी! "आई, मला तुझी काळजी आहे की तिची?" असं तो जरा जोरात बोलला.

आजी शांतपणे भात कालवत म्हणाली, "अरे, काढ की. घर तुझं आहे. पण तिला बाहेर कोंडून पोरं आत ठेवलीस तर चार दिवस ती रडतील, आणि ते रडणं मी ऐकायचंय, तू नाही. आणि पाचव्या दिवशी गप्प झाली की मग?"

कोणी काही बोललं नाही. मग मामी म्हणाली, "आई बरोबर बोलतायत. आणि नुसत्या दयेचं नाही. पिल्लं आत मेली तर त्या वासात कोण राहणार? आणि आई गप्प बसेल? ती अख्खं छप्पर फाडेल." हे अगदी खरं आहे. पिल्लं आत अडकलेली मादी रॅकून छपराच्या शिंगल्स आणि खालच्या फळ्यासुद्धा उचकटून आत शिरते. तिकडे मार्च ते मेमध्ये फट बुजवण्याआधी पिल्लं शोधायची, हा पहिला नियम आहे.

मामाने अजून एक स्वस्त उपाय करून पाहिला. आवाज आणि उजेडाने आई कंटाळून पिल्लांना दुसरीकडे नेते, कारण तिच्या दोन-तीन जागा आधीच हेरलेल्या असतात. म्हणून आम्ही भिंतीतल्या छोट्या झडपेशी दिवा आणि रेडिओ लावला. माणसांच्या बोलण्याचा कार्यक्रम लावतात, पण मामाने हौसेने नाट्यसंगीत लावलं. तीन रात्री झाल्या. आजीची झोप गेली, माझी गेली, रॅकूनबाईंनी मात्र जागा सोडली नाही. मामा म्हणाला, "दर्दी दिसतेय."

शेवटी दुसरी कंपनी बोलावली. दुप्पट पैसे. मामाला तिकडे राहून पंधरा वर्षं झाली, तरी अशा वेळी तो मनात रुपयांत गुणाकार करतो हे चेहऱ्यावर दिसतं. आलेली टेक्निशियन एक तिशीची बाई होती. कोपरापर्यंत जाड चामडी हातमोजे, तोंडाला मास्क. आई बाहेर पडली आहे ना याची खात्री करून ती झडपेतून पोटावर सरपटत आत गेली आणि एकेक करून चार पिल्लं बाहेर दिली. मुठीपेक्षा थोडी मोठी. डोळे उघडलेले, मुखवटा स्पष्ट. म्हणाली, पाचेक आठवड्यांची असतील. एका खोक्यात खाली ऊब राहील अशी सोय करून तिने ती त्यात ठेवली आणि खोकं छपरावर, फटीच्या शेजारीच बसवलं. फटीवर एकाच बाजूला उघडणारं झडपेचं दार ठोकलं. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून नाही. चुकून कोणी आत राहिलंच असेल तर बाहेर पडेल, पण परत येणार नाही. बाकी काम आईचं, म्हणाली, आणि गेली.

मामा झोपायला गेला. मी आणि आजी मागच्या खिडकीत दिवा मालवून बसलो. अकराच्या सुमारास ती आली. आधी थेट फटीकडे गेली, दार हातांनी चाचपलं, ओढलं, कडा खरवडल्या. मग खोक्यातून आवाज आला. तिने झाकण ढकललं, वास घेतला आणि एका पिल्लाला मानेला धरून उचललं. कुंपणावरून, शेजारच्यांच्या मोठ्या मेपलखालून, अंधारात गेली. पाऊण तासाने परत. दुसरं पिल्लू. झाडावरून उतरताना तिचं डोकं खाली असतं. मागचे पाय घोट्यात पूर्ण उलटे फिरतात म्हणून जमतं. हे नंतर वाचलं. तेव्हा नुसतं पाहत होतो. दीडला तिसरं नेलं.

आणि मग ती आलीच नाही. दोन वाजले, अडीच, तीन. चौथं पिल्लू खोक्याच्या कडेवर पंजे ठेवून ओरडत होतं. बाहेर सात-आठ डिग्री असेल. मी म्हटलं, "आजी, मी त्याला आत आणू का?" ती म्हणाली, "हात लावू नकोस. ती मोजतेय." आजी जपमाळ घेऊन बसली होती, पण मणी पुढे सरकत नव्हते, एवढं मला दिसत होतं. चार वाजून गेल्यावर, उजाडायच्या जरा आधी, ती कुंपणावर दिसली. सावकाश आली. चौथ्याला उचललं, खोक्यात पुन्हा एकदा डोकं घालून आत हात फिरवला, सगळीकडे, आणि मग गेली.

आजीने मणी सोडले, म्हणाली, "चहा टाक."

पुढचं काम कंटाळवाणं, पण खरं काम तेच. आठवडाभर दार तसंच ठेवलं. मग सॉफिटचं कुजलेलं लाकूड बदललं, त्यावर अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने आवळली आणि तिची कड शिंगल्सच्या खाली सरकवली, म्हणजे बोटांना पकड मिळत नाही. मी टेप घेऊन अख्ख्या घराला प्रदक्षिणा घातली तर अजून तीन जागा निघाल्या: एक प्लॅस्टिकचा व्हेंट, चिमणीचं उघडं तोंड, आणि मागच्या बाजूचा असाच एक कोपरा. नुसतं एक भोक बुजवलं तर ती शेजारचं उघडते, म्हणून चारही केली. आतलं घाण झालेलं इन्सुलेशन त्या कंपनीच्या माणसांनी मास्क लावून पिशव्यांत भरून नेलं. त्या जंताच्या अंड्यांना ब्लीच मारत नाही, त्याला उकळतं पाणीच लागतं, हे मला तेव्हा कळलं. मामाने बिल फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं. का ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, माझी निघायची तयारी चालू असताना, तीन घरं सोडून राहणारे एक म्हातारे गृहस्थ मामाला रस्त्यात भेटले. त्यांचं घरही १९५१ चंच, आमच्यासारखंच दीड मजली. म्हणाले, हल्ली रात्री वर काहीतरी चालतंय, खार असेल बहुतेक.

मामाने खिशातून फोन काढून त्यांना त्या बाईंचा नंबर दिला.