निलंग्याच्या पाट्या

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीनिमित्त निलंग्यास माझे वास्तव्य होते. अलीकडे लातूरहून एस.टी.ने पुन्हा तेथे जाण्याचा योग आला. नीळकंठेश्वराच्या प्राचीन मंदिरातील शिल्पे पाहून बाजारपेठेतून पायी निघालो आणि नजर दुकानांच्या पाट्यांवर खिळली.

त्या काळी पेंटर हाताने पाट्या रंगवीत. ‘टेलर’च्या स्पेलिंगात आयऐवजी वाय असे. वह्यांच्या दुकानावरील ‘स्टेशनरी’त ईच्या जागी ए पडल्याने तिचा अर्थ ‘स्थिर’ असा होई. आम्ही हसत असू. पण दोष पेंटरचा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. इंग्रजी सामान्यांच्या वाट्याला फारसे आलेच नव्हते. आता मुले शिकली, संगणकावरील फ्लेक्स आले आणि पाट्यांवरील इंग्रजी पुष्कळ सुधारले. पाहून समाधान वाटले.

त्याचबरोबर एक जुनी आठवण टोचली. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतच्या कृषी कर्जमाफीची योजना आली. आवश्यक कागदपत्रांची सूचना मी बिनचूक इंग्रजीत टंकलिखित करून शाखेत लावली. एक वृद्ध शेतकरी तिच्याखाली दुपारपर्यंत बसून होते. विचारले, तेव्हा म्हणाले, “साहेब, कोणता कागद आणायचा, ते कुणी सांगंना.” उत्तर त्यांच्या डोक्यावरच टांगलेले होते! बँकेच्या दारावरील नामफलकात मराठी, हिंदी, इंग्रजी असा क्रम मी रोज पाहत होतो. आत येताच तो विसरलो होतो. शिंप्याची पाटी मात्र कोणासही कळत होती, कारण तिच्यावर कात्रीचे चित्र होते.

२०२२ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर राज्यातील सर्व दुकानांना देवनागरी लिपीत मराठी नामफलक बंधनकारक झाला आहे. त्यावरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असता कामा नयेत. आपल्या शास्त्रांत सांगितलेली भाषा समिती याहून पुढे जाते. वचन हितकर, परिमित आणि असंदिग्ध असावे, अशी तिची शिकवण आहे. पाटी हेही वचनच होय. इंग्रजी शुद्ध असावेच. परंतु आपल्या मंदिरांत, धर्मशाळांत आणि दवाखान्यांत फलक लावताना तो कोणासाठी आहे, हा प्रश्न आधी विचारावा. निलंग्याच्या त्या बाबांनी मला एवढेच शिकविले.