सकाळची टिकटिक

मागच्या नोव्हेंबरात मी जुनी गाडी घेतली. २०१२ चं मॉडेल, पेट्रोल, चार सिलिंडर, १२०० सीसी. मीटरवर ७८ हजार किलोमीटर, किंमत १ लाख ९० हजार. मी बार्शीटाकळीला राहतो आणि शाळा पिंजरच्या बाजूला. पावसाळ्यात मोटारसायकलवरून दोनदा घसरलो, तेव्हापासून घरच्यांनी गाडीचा धोशा लावला होता.

गाडी अकोल्यात पाहिली, दुपारी साडेबाराला. विकणारा म्हणाला, "आत्ताच एक फेरी मारून आणली, चावी लावा अन् पाहा." मी चावी लावली, गाडी एका झटक्यात चालू झाली. आवाज नाही, थरथर नाही. बॉनेट उघडलं तर आतून गरम वाफ तोंडावर आली. मला ते चांगलं लक्षण वाटलं. धुतलेली, चालू हालतीतली गाडी. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असू शकतं, हे मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला शाळेसाठी गाडी काढली आणि टिक-टिक-टिक सुरू झालं. शिलाई मशीनसारखं, एका लयीत. रेस दिली की टिकटिक वाढायची. सोबत गाडी बारीक थरथरायची, मध्येच एक ठोका चुकल्यासारखी. पाच-सात मिनिटांनी टिकटिक बंद झाली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. शेजारचे काका ब्रश तोंडात धरून बाहेर आले आणि म्हणाले, "मास्तर, गाडीत मशीन बसवली काय?" मी हसलो, पण पोटात गोळा आला.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, थंडीत एवढं चालतंच. व्यवहार झाला होता, बोलण्यात अर्थ नव्हता.

पहिल्या गॅरेजवाल्यानं दोन मिनिटं ऐकलं आणि प्लग गेले म्हणून सांगितलं. चारही प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटलची सफाई, मिळून ३,४०० रुपये. बायकोला मी दीड हजार सांगितले. दोन दिवस गाडी बरी वाटली. खरंच बरी होती की पैसे दिले म्हणून वाटली, देव जाणे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यानं पेट्रोलमध्ये टाकायची ४५० रुपयांची बाटली दिली, इंजेक्टर साफ होतात म्हणून. तिनंही काही झालं नाही. मग म्हणाला, टॅपेट वाजतात, जाड ऑइल टाकू, आवाज दबेल. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पातळ ऑइल टिकत नाही, हे त्याचं कारण. मला पटलं. १,६०० रुपये गेले. पण आता डिसेंबर लागला होता. जाड ऑइल थंडीत वर चढायला वेळ घेतं. चालू केल्याबरोबर वरून एक नवीन खडखड ऐकू यायला लागली, ती पाऊण मिनिटात थांबायची. जुनी टिकटिक होतीच.

त्याच आठवड्यात मालेगावला लग्न होतं. पातूरच्या घाटात चढावर गाडीनं दम सोडला. पाय दाबला तरी पिकअप नाही, आणि समोरचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. तो नुसता लागून राहिला तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मिसिंग, म्हणजे सिलिंडरचा ठोका चुकणं, जोरात आहे असं समजायचं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं आणि तो महागडा भाग तापून खराब होतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी दिव्यावर मोबाइलचं कव्हर ठेवलं आणि लग्नाला पोचलो. मुलगा मागून विचारत होता, "बाबा, तो दिवा काहून झाकला?"

परत आल्यावर गॅरेजवाल्यानं शेवटचं सांगितलं: इंजिन उतरवावं लागेल, हेड उघडू, वॉल्व्ह, रिंगा, सगळं मिळून चाळीस हजार. मी दोन दिवसांनी सांगतो म्हणालो. त्या दोन रात्री झोप लागली नाही. एवढे पैसे घालायचे की गाडी पडेल भावात काढून टाकायची, हाच हिशोब.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. लहानसं शेड, बाहेर बाभळीखाली चार गाड्या. मी गाडी लावली आणि चाळीस हजारांपासून सुरू केलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"कवा वाजते? थंडी असताना का गरम झाल्यावर?"

"सकाळी. मग बंद होते."

"मंग आता काय समजन? तुमी वीस किलोमीटर चालवत आणली. ठेवून जा. उद्या सकाळी साताले या, तवाच चालू करू."

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी एसटीनं घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत गेलो.

मिस्त्रींनी गाडी चालू करण्याआधी नुसती चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात का ते पाहिलं. इंजिनाचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी काढून ठेवला असू शकतो. माझा लागत होता. मग ऑइलची पट्टी काढून पाहिली. मी गाडी घेतल्यापासून ती एकदाही काढली नव्हती, हे कबूल करताना लाज वाटली.

गाडी चालू केली. टिकटिक आली. त्यांनी लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. डॉक्टरसारखे एकेक जागा ऐकत गेले. मलाही ऐकवलं. इंजेक्टरवर टोक ठेवलं की बारीक कटकट येते. "हे वाजलंच पाह्यजे. हे बंद झालं तं बिघाड." टॅपेट कव्हरवर पहिला पाऊण मिनिट खडखड, मग शांत. तो जाड ऑइलचा प्रताप. खाली क्रँककडं काहीच नाही. तिथून जड ठक-ठक आली असती, चढावर वाढली असती, तर गाडी तिथल्या तिथं बंद करायची, एक किलोमीटरही न्यायची नाही, असं ते म्हणाले.

तरी टिकटिक चालूच. त्यांनी पेचकस ठेवून रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवलं. शेवटच्या सिलिंडरजवळ थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. कानात स्पष्ट फट-फट आली. वरचा पत्रा काढल्यावर जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला. एक स्टड तुटलेला, गॅस्केट फुटलेलं. तिथून धूर झटक्याझटक्यानं बाहेर पडायचा, तीच टिकटिक. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद.

"अन् हे मिसिंग?"

"ते येगळं हाय. दोन बिमाऱ्या हायेत, एका दिवशी दिसल्या म्हून तुमाले एक वाटली."

गाडी चालू असताना त्यांनी चार कॉइलींचे सॉकेट एकेक करून काढून पाहिले. कॉइल नाही, फक्त सॉकेट, आणि तेही दोन-तीन सेकंदच. कॉइलीत हजारो व्होल्ट असतात, तिला चालू गाडीत हात लावायचा नाही. पहिलं काढलं, गाडी लटलटली. दुसरं, तेच. तिसरं काढलं तर काहीच फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. स्कॅनर लावला तर पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो. तिसरी कॉइल काढली तेव्हा तिचं रबर ऑइलनं माखलेलं होतं आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं होतं. टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीचं सील गळत होतं. महिन्याभरापूर्वी ज्यानं माझे प्लग बदलले त्याला हे ऑइल दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

मिस्त्रींनी तरी लगेच नवी कॉइल मागवली नाही. खड्डा पुसला, तिसरी कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिसऱ्या जागी लावली, जुना कोड पुसला, गाडी फिरवून आणली. आता कोड पी०३०१. बिघाड कॉइलीबरोबर सरकला, म्हणजे प्लग, इंजेक्टर, वॉल्व्ह सगळे सुटले. कॉइल बदलायची आणि गळती बंद करायची. एवढ्यासाठी मला चाळीस हजारांचं इंजिनकाम सांगितलं होतं.

तुटलेला स्टड हेडात अडकला होता. त्याच्यावर वेल्डिंगनं नट चिकटवून पाना लावून काढला. त्यातच अर्धा दिवस गेला. माझं लक्ष सारखं त्या स्टडकडं, कारण तो आतच मोडला असता तर मात्र हेड उतरवावं लागलं असतं. निघाला तेव्हा मिस्त्रींनी तो माझ्या हातावर ठेवला. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल टाकलं आणि खडखडही गेली. बिल असं: कॉइल १,८००, टॅपेट कव्हर गॅस्केट आणि सील ६५०, मॅनिफोल्ड गॅस्केट आणि स्टड ९००, ऑइल-फिल्टर १,९००, मजुरी २,०००. एकूण ७,२५०. त्याआधी अंदाजानं उडवलेले ५,४५० वेगळे. या वेळी बायकोला दोन्ही आकडे खरे सांगितले. ती फक्त म्हणाली, "म्हणजे दीड हजार नव्हते तर."

मार्चमध्ये त्याच सहकाऱ्याला जुनी गाडी पाहायची होती, मी सोबत गेलो. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, सकाळी सातला येतो, त्याआधी चालू करू नका. आम्ही पोचलो तर गाडी दारात धुऊन उभी. मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मालकानं चहा दिला, आम्ही घेतला, आणि गाडी चालू न करताच परत फिरलो.