अंबरनाथचें उघडें आकाश

अंबरनाथचें शिवालय आम्हीं अनेक वेळां पाहिलें होतें. परंतु गेल्या फाल्गुनांत एका चित्रामुळें तें नव्यानें दिसलें.

आमची नात पेस्टलच्या खडूंनीं चित्रें काढते. उल्हासनगरच्या बाजारांतून आणलेली तिची पेटी बदलापूरच्या आमच्या माजघरांत सदा उघडी असते. पेस्टल म्हणजे किंचित् गोंदानें बांधलेली कोरडी रंगपूड. काळ्या कागदावर ती बोटानें पसरली कीं धुळीचे मेघ हुबेहूब उठतात. यंदा तिनें वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघ काढावयास घेतला. समोर जेम्स वेब दुर्बिणीचें सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेलें छायाचित्र होतें.

"हे रंग खरे का?" आम्हीं विचारलें.

"नाहीं आजोबा. ती दुर्बीण अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्यांना दिसतच नाहीं. मग शास्त्रज्ञ गंधकाला तांबूस नारिंगी, लोहाला निळा, असे रंग ठरवून देतात."

मानलेला रंग म्हणजे असत्यच, असें आम्हीं बोलून गेलों. पोरीनें पेटी मिटली, ती आठ दिवस उघडली नाहीं.

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर तिला घेऊन आम्हीं अंबरनाथास गेलों. वालधुनीच्या कांठचें हें काळ्या पाषाणाचें देऊळ; शिलालेखांत शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष व शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें, तों डोक्यावर शिखर नाहीं, आकाशच आहे.

नातीनें वर पाहिलें. "आजोबा, ज्या ताऱ्याच्या स्फोटांतून हा तेजोमेघ झाला, तो चिनी ज्योतिषांनीं १०५४ च्या जुलैंत पाहिला. तेवीस दिवस तो भर दिवसां दिसत होता. देवळाच्या लेखाआधीं सहाच वर्षें!"

जुलैंत आपल्याकडे पाऊस. पण रात्रीं तो तारा पावणेदोन वर्षें दिसत होता. दिवाळीच्या निरभ्र आकाशांत येथील पाथरवटांच्याही तो दृष्टीस पडला असेल. बाहेरील भिंतींवरचे देव मात्र त्यांनीं कोठें पाहिले होते? अदृश्यास त्यांनीं संकेतानें रूप दिलें. आणि आम्हीं जन्मभर फळ्यावर काढलेला 'अ' तरी काय? कानाच्या विषयाला डोळ्यांसाठीं मानून दिलेलें रूपच तें! संकेत लपविला तर असत्य. सांगितला तर ती विद्या.

परततांना गाडींत आम्हीं नातीजवळ चूक कबूल केली. चित्र आतां पुरें झालें आहे. कोणता रंग कशाचा, ही यादी पाठीमागें तिनें आमच्याच हातून लिहून घेतली.