घाटातले शब्द

सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला डोंगराचे शब्द कधी मुद्दाम शिकावे लागत नाहीत. खिंड, कडा, दरी, सोंड, सुळका, पठार हे शब्द त्याला पायाखालच्या वाटेइतकेच ओळखीचे असतात. महाराष्ट्राबाहेर, मोठ्या शहरात वाढणाऱ्या मराठी मुलांचे तसे नसते. त्यांना मराठी येते. पण ती घरातली मराठी असते. जेवायला बसण्याची, अभ्यासाला लावण्याची, लाडाची आणि रागाची. डोंगर काही घरात येत नाही. म्हणून त्याचे शब्दही उंबऱ्याबाहेरच राहतात.

माझी मुलगी आणि जावई हैदराबादला राहतात. थोरली नात आठ वर्षांची आणि नातू पाच वर्षांचा. शाळेत इंग्रजी, खेळताना तेलुगू आणि हिंदी, घरात मराठी, असा त्या मुलांचा भाषांचा संसार आहे. त्यात मराठीचा वाटा दरवर्षी थोडा थोडा कमी होत चालला आहे, ही माझ्या मुलीच्या मनातली खंत. दसऱ्याच्या सुटीत सर्वजण पुण्याला आले, तेव्हा मोटारीने महाबळेश्वरला जावे आणि दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने कोकणात पोलादपूरला उतरावे, असे ठरले. पुणे ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. "तीन-साडेतीन तासांत पोहोचू," असे जावई म्हणाले. मुले बरोबर असताना असा हिशेब कोणाचाच जुळत नाही, हे मला ठाऊक होते. पण मी काही बोलले नाही.

खंबाटकीच्या चढाला गाडी लागली, तशी नात खिडकीतून मान बाहेर काढू पाहत म्हणाली, "आजी, हा पहाड कधी संपणार?"

"पहाड नाही ग, डोंगर. आणि आपण आता घाट चढतो आहोत."

"घाट तर नदीवर असतो ना? बनारसला असतो तो!" तिने तो हिंदीच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मराठीत घाट हा शब्द दोन्ही अर्थांनी नांदतो. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट, आणि डोंगर चढून जाणारी वाटही घाटच. सुदैवाने वाई वाटेवरच होती. ढोल्या गणपतीच्या देवळापुढे कृष्णेच्या काठी दगडी पायऱ्यांवर आम्ही बसलो. मुलांनी पाण्यात पाय सोडले. "हा एक घाट," मी म्हटले, "आणि तो समोर दिसतो ना, डोंगरावर वळणे घेत गेलेला रस्ता, तो दुसरा. पसरणीचा घाट." नातीने एकदा पायऱ्यांकडे आणि एकदा डोंगराकडे पाहिले. तिला ते फारसे पटलेले दिसले नाही.

पसरणीच्या घाटात नातवाला गाडी लागली. पाच-सहा वळणांनंतर त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि थांबावे लागले. आवळासुपारी, गार पाण्याने चूळ, मोकळी हवा, असे सगळे उपचार झाले. रस्त्याच्या कडेला सोनकीची पिवळी फुले दाट फुलली होती. खाली वाईचे खोरे पसरले होते. शेतांचे चौकोन, मधून जाणारी कृष्णा, पलीकडे डोंगरांच्या रांगा. नातू कठड्याला धरून उभा होता. एकाएकी नात ओरडली, "आजी, त्या डोंगराला पण पायऱ्या आहेत!"

खरोखरच होत्या. समोरच्या डोंगराच्या अंगावर काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक चढत गेले होते आणि दोन थरांमध्ये हिरव्या गवताची पट्टी होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्याचे हे थर. या खडकाला भूशास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्दही पायरी किंवा जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. पुस्तकात वाचलेली ही माहिती मी अनेकदा इतरांना सांगितली होती. पण पुस्तकाचे बोट न धरता, केवळ डोळ्यांनी ती शोधून काढणारी व्यक्ती मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. घाट या शब्दाचे दोन्ही अर्थ तिने एका उद्गाराने जोडून टाकले होते.

त्यानंतर मात्र जावयांनी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले. पाचगणीला टेबललँडच्या सपाटीवर मुले मनसोक्त धावली. पायांखाली जांभ्या दगडाचा तांबूस थर होता. नातवाने 'पठार' हा शब्द तेथे धावता धावताच आत्मसात केला. "पठार म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं ग्राउंड," अशी व्याख्या त्याने केली. कोशात ती सापडणार नाही. पण चुकीचीही म्हणता येणार नाही.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम येथे मानतात. गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली नातीने ओंजळ धरली. मी तिला विचारले, "तुमच्या घरी नळाला पाणी कुठून येतं, ठाऊक आहे?"

"टाकीतून," ती म्हणाली.

मग मी तिला कृष्णेची वाट सांगितली. ही नदी येथून वाईला जाते, पुढे सातारा, कऱ्हाड, सांगली करत कर्नाटकात शिरते, तेथून तेलंगणाच्या आणि आंध्र प्रदेशाच्या सीमेवर नागार्जुनसागर धरणात विसावते. त्या धरणाचे पाणी हैदराबादला पिण्यासाठी पोहोचते. उरलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास पुरा करून बंगालच्या उपसागराला मिळते. नात ओंजळीतल्या पाण्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने ते पिऊन टाकले.

संध्याकाळी ऑर्थर सीटला गेलो. कड्याच्या टोकाशी उभे राहिले की सावित्रीचे खोल खोरे पायांशी येते. दरीतून वर येणारा वारा इतका जोरदार की हलके पान खाली टाकले तर तेच उडून परत वर येते. नातवाने हा खेळ दहा वेळा तरी केला. नातीचा प्रश्न मात्र वेगळा होता. सावित्रीही तेथलीच, मग ती हैदराबादला का येत नाही? जुन्या घरात असतो तर मी तिला आढे दाखवले असते. आढ्यावर पडलेला पाऊस एका पाख्यावरून अंगणात आणि दुसऱ्यावरून परसात उतरतो. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला आढे कोठून ठाऊक असणार? मी तिची चित्रांची वही मधोमध उघडून पालथी धरली आणि तिच्या पाठीच्या उंचवट्यावर बाटलीतले थोडे पाणी ओतले. अर्धे पाणी इकडे ओघळले, अर्धे तिकडे. "ही वही म्हणजे सह्याद्री. इकडचं पाणी कृष्णेचं, पूर्वेच्या समुद्रात जाणारं. तिकडचं सावित्रीचं. ते बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळतं." वही भिजली, त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरताना एका वळणावर वाहनांची रांग लागलेली दिसली. रात्रीच्या पावसाने डोंगराचा एक तुकडा रस्त्यावर आला होता. यंत्राने माती-दगड दूर करण्याचे काम चालू होते. नातू मांडीवर सरकून बसला. नातीने विचारले, "आजी, डोंगर पडतो?"

"नाही ग," असे माझी मुलगी म्हणणारच होती. मुलांच्या मनात भीती बसू नये, असे प्रत्येक आईला वाटते. पण समोर पडलेला डोंगर मुलांना दिसत होता. मी म्हटले, "पडतो. त्याला दरड कोसळणं म्हणतात. पाऊस फार झाला की पाणी मातीत मुरतं, माती जड होते आणि उतारावरून खाली सरकते."

२२ जुलै २०२१ रोजी याच डोंगराखालच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता आणि हा घाटही जागोजागी खचला होता. मी आकडे सांगितले नाहीत. गावाची गोष्ट मात्र सांगितली.

"तिथली माणसं?"

"काही वाचली. बरीच गेली."

ती गप्प झाली. थोड्या वेळाने तिने धाकट्या भावाला हळूच सांगितले, "हिला दरड म्हणायचं. पावसात इथे थांबायचं नसतं." तासाभराने रस्ता मोकळा झाला. प्रतापगडाचे बुरूज मागे पडले आणि घाट संपला तेव्हा पोलादपूरच्या अलीकडे सावित्री दिसली. वहीच्या दुसऱ्या बाजूचे पाणी मुलांनी लगेच ओळखले.

मुलांना निसर्ग दाखवायला नेतो, असे आपण म्हणतो. ती तो आपापल्या परीने पाहतातच. आपण फार तर गाडी थांबवावी आणि मागितला तर एखादा शब्द द्यावा. तो शब्द सोनकीच्या फुलांच्या पठाराचा असो की दरडीचा, तो खरा असावा, एवढेच. डोंगराचे देखणेपण तेवढे दाखवायचे आणि त्याचे रौद्र रूप झाकायचे, तर आपण मुलांच्या हाती अर्धीच भाषा देतो.

महिन्याभराने हैदराबादहून दूरध्वनी आला. नातीला काहीतरी तातडीने सांगायचे होते.

"आजी, आज नळाला कृष्णा आलीच नाही!"